प्रतिपिंडे तयार होईपर्यंत फुप्फुसाच्या पेशींना कोण वाचवते?

प्रश्न : द्राक्ष बागायतदार, निफाड

नमस्कार. गेल्या डिसेंबरात आमच्याकडे पारा उतरला, तेव्हा द्राक्षाचे घड वाचवण्यासाठी आम्ही बागेत रात्रभर शेकोट्या पेटवत होतो आणि त्याच आठवड्यात घरातल्या पाचही जणांना फ्लूने गाठले. आईचे वय ७२. तिला दोन दिवस कणकण होती, तिसऱ्या दिवशी ती चुलीपाशी बसली. माझ्या ३४ वर्षांच्या धाकट्या भावाला मात्र नाशिकच्या एका रुग्णालयात सहा दिवस प्राणवायूवर ठेवावे लागले. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ८६ हा आकडा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिथल्या डॉक्टरांना कारण विचारले, तेव्हा "शरीराची स्वतःची प्रथिने कधी कधी कमी पडतात" एवढे बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. नव्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडाभर लागतो, असे मी वाचले आहे. मग तोवर फुप्फुसाची पेशी काय करते, आणि एकाच घरात एवढा फरक का पडावा?

उत्तर : सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड

तुमच्या डॉक्टरांचे वाक्य बरोबर होते, फक्त ते अर्धवट राहिले.

फ्लूचा विषाणू पेशीला चिकटला की पेशी त्याला आपल्याच पटलाच्या एका सूक्ष्म पिशवीत लपेटून आत घेते. पिशवीतली आम्लता वाढू लागते आणि विषाणू नेमकी तिचीच वाट पाहत असतो, कारण त्या आम्लतेमुळे त्याचे आवरण पिशवीच्या पटलाशी एकजीव होते आणि त्याचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय सामग्री, पेशीत उतरतो. या पिशवीच्या पटलातच आयएफआयटीएम-३ नावाचे एक छोटे प्रथिन बसलेले असते. ते असेल तर पटले सहजासहजी एकजीव होत नाहीत, विषाणू पिशवीतच कोंडला जातो आणि पेशीच्या पाचक रसांत विरघळून जातो.

हा अडसर ओलांडून विषाणू आत शिरलाच, तर रिग-आय हे प्रथिन परका आरएनए ओळखते आणि पेशी इंटरफेरॉन नावाची इशारा देणारी प्रथिने बाहेर सोडते. इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी लावला. कोंबडीच्या अंड्यातील पटलाचे तुकडे त्यांनी उष्णतेने निष्प्रभ केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले, तेव्हा त्यांच्याभोवतीच्या द्रवात असे काही उतरले की ताज्या पटलातही विषाणूची वाढ होईना. इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारत नाही, ही गोष्ट मला वर्गात शिकवताना नेहमी विलक्षण वाटे. ते शेजारच्या पेशींना सावध करते आणि त्या पेशी शेकडो जनुके कामाला लावतात. मग एमएक्सए हे प्रथिन विषाणूच्या आरएनएभोवतीच्या प्रथिनांना जखडते, पीकेआर पेशीतील प्रथिननिर्मितीच थांबवते आणि आरएनेज-एल आरएनएचे तुकडे करते, मग तो विषाणूचा असो वा पेशीचा स्वतःचा. या झटापटीत बाधित पेशी अनेकदा मरते; शेजारणी वाचतात.

आता फरकाविषयी. आयएफआयटीएम-३ च्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार फ्लूमुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये अधिक आढळतो, असे २०१२ साली दिसून आले. कोविडमध्ये गंभीर न्यूमोनिया झालेल्या सुमारे १०% रुग्णांच्या रक्तात तर स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. शिवाय फ्लूच्या विषाणूजवळ एनएस-१ हे प्रथिन असते, जे इंटरफेरॉनची हाक दाबून टाकते. ती हाक काही तास लांबली, तरी विषाणू फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, म्हणजे खोल वायुकोशांपर्यंत, पोहोचू शकतो. तुमच्या भावाच्या बाबतीत यातले नेमके काय घडले, हे एका आजारावरून कोणी सांगू नये. आईंनी मात्र आयुष्यात अनेक फ्लू पाहिले आहेत, त्यामुळे त्यांच्याजवळ थोडीफार उपयोगी पडणारी जुनी प्रतिपिंडे असू शकतात.

उत्तर : परिचारिका, छातीविकार विभाग

बाईंच्या उत्तराला एक जोड देते. वायुकोशांना आतून ओलसर ठेवणाऱ्या द्रवात सरफॅक्टंट प्रथिने ए आणि डी असतात. विषाणूच्या पृष्ठभागावरील शर्करेला चिकटून ती त्याला पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच अडवतात. श्वासनलिकेतील बारीक केसही कफासोबत विषाणू वर ढकलत असतात, पण धुरामुळे त्यांची हालचाल मंदावते. म्हणून विचारते, शेकोट्यांपाशी रात्रभर कोण बसत होते?

प्रश्नकर्ता

भाऊच बसत असे. ओल्या काडीकचऱ्याचा दाट धूर होतो, पण याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. बाई, त्याला सुरुवातीलाच इंटरफेरॉनचे इंजेक्शन दिले असते तर?

शिक्षिका

कावीळ बी आणि सीच्या रुग्णांना ते अनेक वर्षे दिले गेले, आणि इंजेक्शननंतर त्यांना ताप व अंगदुखी होई. फ्लूमध्ये अंग मोडून येते त्यातही याच प्रथिनांचा मोठा वाटा असतो. वेळ चुकली तर तेच औषध बाधू शकते. उंदरांवरील २०२० च्या प्रयोगांत लांबलेल्या इंटरफेरॉनमुळे फुप्फुसाच्या अस्तराची दुरुस्ती रखडल्याचे दिसले. फ्लूवर ते नेहमीचे औषध नाही. दरवर्षीची लस घेतली, तर प्रतिपिंडे आधीच तयार असतात आणि पेशींना पहिला आठवडा एकटीने झुंजावे लागत नाही. लशीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, एवढे धरून ती थंडीआधी घ्या.

प्रश्नकर्ता

दिवाळीआधी पाचही जणांना घेऊन जातो. शेकोटीची पाळी यंदा आम्ही वाटून घेऊ, आणि भावाला धूर जात नाही त्या बाजूला बसवू.