लेक बारावी सायन्सला, घरच्यांनी काय हाती घ्यावं?

साताऱ्याची आई:
लेकीचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुप, इंजिनिअरिंगला जायचंय. हल्ली बोलणंच कमी झालंय. आम्ही ओबीसी. तिच्यावर ओझं न टाकता आम्ही नक्की काय करावं?

दोन मुलांचा बाबा:
ताई, कागदपत्रं पूर्ण तुमच्याकडे घ्या. जात वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत आत्ताच करा. ओबीसींना १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो, आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले शोधण्यातच वेळ जातो. नॉन-क्रिमिलेअरची, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची, मुदत ३१ मार्चला संपते, तारीख बघून घ्या. डोमिसाइल, म्हणजे रहिवासी दाखलाही काढा. या धावपळीत पोरांना ओढूच नये, असं माझं ठाम मत आहे.

फर्स्ट इयरवाली:
काकू, सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, निगेटिव्ह मार्किंग (चुकीच्या उत्तराला मार्क कापणं) नाही, हे तिला सांगा, धीर येतो. पण कॅप, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांसाठी, कॉलेजांचा पसंतीक्रम तिलाच लावू द्या. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्या बंद, म्हणून एक नंबरला तिला मनापासून हवं तेच कॉलेज. माझी आई रात्री शेजारी भाजी निवडत बसायची, मार्क विचारायची नाही. मला तेवढं पुरायचं.

साताऱ्याची आई:
दादा, सासऱ्यांचा दाखला गावच्या जीवन शिक्षण शाळेत मिळेल. सोमवारीच जाते.