मदत हवी आहे: ताज्या उसाच्या रसातही डेक्स्ट्रानची गढूळता दिसते

उसाच्या रसातलं डेक्स्ट्रान (ऊस शिळा होताना जिवाणू साखरेपासून बनवतात ते चिकट पॉलिसॅकराइड) हेझ पद्धतीने, म्हणजे अल्कोहोल घातल्यावर येणाऱ्या गढूळतेवरून, मोजतोय. तोडणीनंतर ४ तासांत गाळलेला आणि ६० तास पडून राहिलेला, दोन्ही रस ७२० नॅनोमीटरला जवळपास सारखंच वाचन देतात. हे पटत नाही, कारण शिळ्या रसाचा पीएच उतरलाय, चिकटपणा वाढलाय आणि त्याच्या सिरपमधला दाणा सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, सुईसारखा दिसतो.

आधी स्टार्चवर संशय होता. ५५ अंशांवर अल्फा अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) दिलं. आता आयोडीन टाकल्यावर निळा रंग अजिबात येत नाही. ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने प्रथिनं काढली, किसलगूर (गाळायला मदत करणारी बारीक माती) घालून गाळलं, गाळलेला रस काचेसारखा स्वच्छ. अल्कोहोल समप्रमाणात, थेंबथेंब, हलवत घालतो. घाईने ओतलं की गुठळ्या होतात आणि वाचन उड्या मारतं, ती चूक सुधारली आहे. दोन्ही रसांचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण) सारखा ठेवला. पोलवरून (ध्रुवणमापकावरच्या साखरेच्या वाचनावरून) अंदाज बांधता येत नाही, डेक्स्ट्रान स्वतःच पोल फुगवतं. एचपीएलसी किंवा अँटिबॉडी चाचणीची सोय नाही.

आता उसातल्या मूळच्या गोंदासारख्या पॉलिसॅकराइडांवर संशय आहे. म्हणून नमुन्याचा अर्धा भाग डेक्स्ट्रानेज (डेक्स्ट्रान तोडणारं एन्झाइम) देऊन कोरा, म्हणजे तुलनेचा नमुना, म्हणून वापरायचा विचार आहे. दोन वाचनांतला फरक म्हणजे फक्त डेक्स्ट्रान, असं धरता येईल का? आणि एन्झाइमचं प्रथिन अल्कोहोलमध्ये गढूळता देऊ नये म्हणून ते ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाच्या आधी घालायचं तर पीएच ५.५, ५० अंशांवर किती वेळ ठेवावं?