मदत हवी आहे: एमआरआयचा चिलर रोज दुपारी ट्रिप होतोय (म्हापसा)

म्हापसा_एमआरआय: आमच्या सेंटरचा चिलर (एमआरआय मशीनला थंड पाणी पुरवणारं यंत्र) दुपारी बारा वाजले की ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. रीसेट केला की थोडा वेळ चालतो, परत बंद. रात्री एकदम व्यवस्थित. सोमवारी मुंबईहून इंजिनिअर येणार, तोवर गॅस भरून घ्यावा का? पेडणे, सत्तरीहून आलेल्या पेशंटना परत पाठवावं लागतंय. लवकर सांगा कुणीतरी.

वेर्णा_शिफ्ट: एअर कूल्ड (हवेने थंड होणारा) की वॉटर कूल्ड (पाण्याने)? पॅनलवर काय येतं, एचपी (गॅसचा दाब जास्त), एलपी (दाब कमी) की फ्लो (पाण्याचा प्रवाह कमी)? कुठला गॅस? नुसत्या 'ट्रिप'वरून काय सांगणार? आणि गॅस भरू नका. कमी असता तर एलपीवर गेला असता, रात्रीही त्रास दिला असता. जास्त भरलात तर एचपी अजून चढेल.

लॅबवाली_फोंडा: आमच्या अ‍ॅनालायझरच्या खोलीतला एसी असाच बंद पडायचा. फिल्टर धुतले, स्टॅबिलायझर लावला, बंद व्हायचा थांबला. तुम्हीही आधी व्होल्टेज बघा.

म्हापसा_एमआरआय: ताई, हा एसी नव्हे. एअर कूल्ड चिलर, गच्चीवर आहे. आर-४०७सी. पॅनलवर एचपीच येतं. ट्रिप व्हायच्या आधी गेज ३८० पीएसआयच्या वर जातं. कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी कॉइल) नुकताच धुतलाय, तेव्हा घाण आहे असं सांगू नका.

कूलिंग_टॉवर_अण्णा: समुद्राच्या पट्ट्यात एअर कूल्ड घ्यायचाच कशाला? तांब्याच्या नळीवर अ‍ॅल्युमिनियमचे फिन (पातळ पट्ट्या), त्यात खारं वारं. फिनचा पार भुगा होतो. वॉटर कूल्ड करा, पाणी थंड करणारा टॉवर बसवा. इतकी वर्षं फार्मा प्लँटला हेच करतोय.

वेर्णा_शिफ्ट: अण्णा, खाऱ्या वाऱ्याचं बरोबर आहे, त्यासाठी कोटिंगवाले फिन मिळतात. पण टॉवरचं पाणी वेट बल्बच्या (बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त जितकं थंड होऊ शकतं त्या तापमानाच्या) खाली उतरत नाही आणि मे महिन्यात आपल्याकडे तोच २६-२७ अंश असतो. वर रोजचं मेकअप पाणी (उडून गेलेल्याची भरपाई), डोसिंग (पाण्यात औषधं घालणं). टँकर कोण आणणार? फार्मा प्लँटचं गणित एका मशीनच्या सेंटरला लावू नका.

कूलिंग_टॉवर_अण्णा: डोसिंग नीट केलं तर टॉवर वर्षानुवर्षं चालतो. दर उन्हाळ्यात असं रडत बसण्यापेक्षा एकदाच खर्च करा.

रेडिओ_टेक: टॉवरचं नंतर भांडा. चिलर बंद असताना हेलियम कंप्रेसर चालू राहतो का? तो थांबला की कोल्ड हेड (मॅग्नेटमधलं हेलियम थंड ठेवणारा भाग) थांबतं, आणि मॅग्नेटमधलं द्रव हेलियम उणे २६९ अंशांलाच उकळतं. ते उडून जायला लागेल. स्कॅन उद्या करता येतील, हेलियम परत भरणं फार महाग पडतं. कंप्रेसरला नळाच्या पाण्याची बायपास लाइन आहे का? असेल तर पाणी थेट मेनमधून घ्या, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं नको, ते दुपारी तापलेलं असतं. किती अंशांपर्यंत चालेल ते मॅन्युअलमध्ये बघा. हेलियमची पातळी रोज लिहून ठेवा.

म्हापसा_एमआरआय: बायपास आहे, थेट मेनवर, अस्नोड्याचं पाणी. पातळी अजून तेवढीच आहे.

बार्देशचो: नशीबवान आहात, मेनला पाणी येतं. आमच्या वाड्यावर पहाटे तासभर आलं तर आलं. टेकडीवर बंगले वाढले तसं आम्हा खालच्यांचं प्रेशर गेलं.

वेर्णा_शिफ्ट: पाण्याचा वेगळा धागा काढा, प्लीज. म्हापसा, फॅन हवा वर फेकतात ना? वर काय आहे? बाजूंना किती जागा मोकळी?

म्हापसा_एमआरआय: वर पत्रे. पाऊस तोंडावर आला म्हणून गेल्या आठवड्यात घातले, दोन बाजूंना ताडपत्री. सगळेच घालतात की.

वेर्णा_शिफ्ट: हेच ते! गरम हवा पत्र्याला आपटून परत कॉइलमध्ये येतेय. बाहेर ३४ अंश असले तरी कंडेन्सरला ४५ ची हवा मिळत असेल. मोकळ्यावर तुमचं गेज २७०-३०० च्या आसपास राहायला हवं. पत्रे आणि ताडपत्री आजच काढा. हे मशीन पावसात उभं राहायलाच केलेलं असतं, फक्त पॅनलच्या दाराचं गास्केट तपासा.

कूलिंग_टॉवर_अण्णा: यावर माझंही तेच मत. पावसाने फिनवरचं मीठ धुऊन जातं, उलट बरं.

म्हापसा_एमआरआय: ताडपत्री काढली, फॅनवरचे पत्रे उतरवले. दोन वाजून गेले, गेज ३२५, ट्रिप नाही. देव बरें करूं! पण कोपऱ्यातल्या फॅनखाली हात धरला तर हवा खाली येतेय. त्याची मोटर मार्चमध्ये रिवाइंड केली होती.

वेर्णा_शिफ्ट: मग तो उलटा फिरतोय. ३२५ त्यामुळेच असणार. मेन बंद करून कुलूप लावा आणि त्या एकाच मोटरच्या दोन फेज (विजेच्या तारा) अदलाबदल करायला सांगा. इनकमरला (चिलरच्या मुख्य वीजजोडणीला) हात लावू देऊ नका, नाहीतर चिलरचे स्क्रोल कंप्रेसर उलटे फिरतील. झालं की नवीन आकडा इथे टाका.