शब्दचर्चा : 'राग काढा', 'राग सोडा' की आणखी काही?

पेठेतला पाव्हणा
मंडळी, जरा मदत हवी आहे. आमच्या चर्चमध्ये लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासाच्या) दिवसांत वाटायला क्षमेवरची एक छोटी पुस्तिका मराठीत होते आहे. भाषांतर एका तरुण पोराचं, तपासणी माझ्याकडे. त्यानं लिहिलंय, "प्रभूजवळ येण्याआधी मनातला राग काढा." मी समासात पेन्सिलीनं विचारलं, "कुणावर?" तो म्हणतो, काका, सगळे असंच बोलतात. मग त्यानं 'राग काढून टाका' केलं. ते मला कानातला मळ काढल्यागत वाटतं. 'राग सोडा' सुचवलं, तर आमच्या एका वडिलांचं म्हणणं (वडील म्हणजे चर्चचे, माझे नव्हे) की रुसवा सोडतात, राग गिळतात. पण गिळा म्हणून कसं सांगायचं? पुस्तिका सगळी त्याच्याच विरुद्ध आहे. कोल्हापूर-सांगलीकडचं माणूस सहज काय म्हणेल?

खरवस
'राग काढा' नकोच. आमच्या लहानपणी राग काढला जायचा तो पाठीवर.
मराठीत रागाचा कारभार रागाकडेच असतो, बघा. राग येतो, चढतो, उतरतो, निवतो. माणसाच्या हातात राहतं ते आवरणं, गिळणं आणि धरणं. आणि जे धरलंय तेच सोडता येतं. म्हणून नुसतं 'राग सोडा' लंगडं वाटतं. 'मनात राग धरून ठेवू नका' म्हणा. आमची आजी सांगायची, 'डूख धरू नगंस.'

पेठेतला पाव्हणा
डूख सापाचा, हो. पण वजन आहे शब्दाला.

मिरजकरीण
सोडणं आपल्याकडे आधीपासून आहे की! प्रभूच्या प्रार्थनेत लहानपणापासून म्हणतोय, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात आहे. मला तेव्हा वाटायचं, देवाची पण एक विकास सोसायटी असणार आणि तिथं आमच्या आजोबांचं खातं असणार.
मूळ ग्रीकमध्येही शब्द कर्जाचाच आहे. आणि क्रियापद 'आफिएमी', म्हणजे सोडणे, जाऊ देणे, तिथंच ठेवून निघणे. पेत्र आणि अंद्रिया हे मासेमार शिष्य जाळी सोडून येशूच्या मागे गेले, तिथंही हेच क्रियापद. वेदीपाशी दान ठेव आणि आधी भावाशी समेट कर असं येशू सांगतो, त्यातलं 'ठेव' पण हेच. त्यामुळं मी 'सोडा'च्या बाजूनं.

जुनी पाटी
'क्षमा' हा शुद्ध, भारदस्त शब्द असताना ही कसरत कशाला? आणि कृपा करून त्या पुस्तिकेत 'माफी' येऊ देऊ नका. तो अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द आहे.

रंकाळा चौपाटी
माफ हा आपलाच शब्द. मा + पाप = पाप नको. आमच्या सरांनी शिकवलंय.

जुनी पाटी
सरांना आमच्यातर्फे माफी.

मिरजकरीण
😄 पाटीकाका, तुमच्या भारदस्त शब्दाचीच गोची आहे. 'क्षम्' धातूचा अर्थ सोसणे, सहन करणे. क्षमा म्हणजे पृथ्वी, कारण ती सगळं सोसते. क्षमता आणि सक्षमही त्यातलेच. म्हणजे संस्कृत म्हणते सोस आणि ग्रीक म्हणते सोड. सासरी सोसत बसलेल्या बाईला 'क्षमा कर' म्हटलं की तिला आणखी सोसायलाच सांगितल्यासारखं ऐकू येतं. हे मी महिला मंडळात बघितलंय, ऐकीव सांगत नाही. पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं, १९२४ साली ते छापून झालं. साध्या बायकांना वाचून कळावं हा त्यांचा ध्यास. भारदस्तपणाचं त्यांना काय कौतुक असणार? संस्कृत तर त्यांच्याइतकं येणारी माणसं मोजकीच होती.

जुनी पाटी
धातू सोसण्याचा असेल, मराठीत आज क्षमेचा अर्थ सोसणे नाही. व्युत्पत्ती वेगळी, वापर वेगळा.

खरवस
हे तुम्ही म्हणताय? 'माफी'ला हाच न्याय लावा मग.

उसाचा फड
माफीवरनं आठवलं. शेतकरी संघटनेत शरद जोशी सांगायचे, कर्जमाफी म्हणू नका, कर्जमुक्ती म्हणा. माफी गुन्हेगाराला असते, शेतकऱ्यानं काय गुन्हा केलाय? पुढं २०१९ ला सरकारनंच योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' घातलं. गावात अजून माफीच म्हणतात, त्यो भाग येगळा.
तर भावा, ऋण सोडलं म्हणजे गुन्हा नव्हता म्हणायचं, का गुन्हा होता पण वसूल करत न्हाई म्हणायचं? लई फरक हाय.

पेठेतला पाव्हणा
फडकरी, लाख मोलाचं विचारलंत. ख्रिस्ती अर्थ दुसरा. चूक नव्हतीच असं म्हणायचं असेल तर सोडायला उरतं काय? आधी रक्कम मान्य, मग वसुली बंद.
मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात? येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा. आणि दोन कर्जदारांची गोष्ट सांगतो. एकाला राजानं दहा हजार तालांत सोडले. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, एक दीनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. करा हिशेब, सहा कोटी दिवसांची मजुरी! तोच गडी बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. आम्ही प्रवचनात ते शंभर दीनार चिल्लर म्हणून उडवून लावतो. पण शंभर दिवसांचा रोज म्हणजे तोडणी कामगाराचा जवळजवळ अख्खा हंगाम. लागलेलं खरोखरच लागलेलं असतं. गोष्ट ते नाकारत नाही, फक्त सहा कोटींच्या शेजारी ठेवते.
आणि इफिसकरांस पत्रात तर "तुम्ही रागावा, परंतु पाप करू नका" असंच आहे. राग येऊच नये असं नाही, तो घेऊन सूर्य मावळू नये एवढंच.

रंकाळा चौपाटी
मग 'पोटात घाला' का नको? अपराध पोटात घाल, किती छान आहे.

खरवस
ते मोठ्यानं धाकट्याला. शिवाय पोटात घातलं की ते पोटातच राहतंय.

नदीपलीकडची
मी नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. वडील गेल्यावर भावानं हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली. घेतली म्हणजे, चहाचा कप पुढं सरकवला आणि त्याखालून कागद. 'ताई, नुसती फॉर्म्यालिटी.' मी केली सही. पुढं पाळकसाहेब म्हणाले, क्षमा करा. केली. त्याचं वाईट व्हावं असं मनात येत नाही, त्याच्या पोरांसाठी प्रार्थना करते. पण त्याच्या दारात जाणार नाही. आता सांगा, हे सोडलं की धरलं?

मिरजकरीण
सोडलंत, ताई. क्षमा एकट्यानं होते, समेटाला दोघं लागतात. त्यानं चूक कबूल केल्याशिवाय समेट कुणी तुमच्यावर लादू नये.

जुनी पाटी
असहमत. 'आधी जा, भावाशी समेट कर' ही स्पष्ट आज्ञा आहे. तुम्हीच वर दाखला दिलात.

मिरजकरीण
तो नीट वाचा. "तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे", म्हणजे दुखावलेला तो भाऊ. ही आज्ञा दुखावणाऱ्याला आहे. जायचं ते यांच्या भावानं.

जुनी पाटी
मार्क ११ वाचा. तिथं उभं राहून प्रार्थना करताना कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा असं आहे, ते दुखावलेल्यालाच.

मिरजकरीण
क्षमा करा म्हटलंय. त्याच्या घरी जेवायला जा म्हटलेलं नाही.

उसाचा फड
ताई, त्यो कागद दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर झालाय का? नुसत्या सहीवर जमिनीतला हिस्सा सुटत न्हाई.

नदीपलीकडची
रजिस्टर झालाय. मला वाचून दाखवला नव्हता.

उसाचा फड
मग वकील गाठा. फसवून सही घेतली असंल तर दाद मागता येती, पण मुदत असती त्याला, बसून राहू नका. सातबाऱ्यावरचा फेरफार काढून बघा आधी.

रंकाळा चौपाटी
क्षमा केल्यावर कोर्टात कसं जायचं?

खरवस
का? राग सोडलाय, सातबारा नाही.

जुनी पाटी
करिंथकरांस पहिले पत्र, सहावा अध्याय. भाऊ भावावर फिर्याद करतो हे पत्र लिहिणाऱ्या पौलाला मान्य नाही.

मिरजकरीण
तो अध्याय भावाला पण पाठवा, काका. 'तुम्ही अन्याय करता, लुबाडता, आणि तेही भावांना' हे त्यातच पुढं आहे.

पेठेतला पाव्हणा
चालू द्या. पण छापखान्यात सोमवारी मजकूर द्यायचाय. 'धरून ठेवू नका' घेऊ का?

उसाचा फड
ताई, गट नंबर ठाऊक हाय का? सातबारा ऑनलाइन बघता येतो.