उत्तर: स्नोबोर्डच्या कडांना घरीच धार
भाऊ, तुम्ही विचारून राहिले की स्नोबोर्ड (बर्फावर घसरायची पोलादी कडांची फळी) इतवारी बाजारात ग्राइंडरवर लावून आणू का, तर प्लीज नका लावू, पोलाद तापतं आन् एवढीशी पातळ कड एकदा घासली गेली की परत येत नाही. घरीच फाईल (कानस) गाइडमध्ये, म्हणजे कोन पक्का धरणाऱ्या साच्यात, 89 डिग्रीला बसवा, आधी कडेवर मार्कर फिरवा, मग नाकाकडून शेपटीकडे एकाच दिशेनं हलक्या हातानं ओढा, शाई सारखी निघाली की कोन बरोबर. नंतर ओला डायमंड स्टोन (हिऱ्याची पूड लावलेली घासपट्टी) फिरवा, कडेची खरखर जाईपर्यंत. कडेवर नख आडवं ओढलं की नखाचा पांढरा कीस निघाला पाहिजे. माझा बोर्ड गुलमर्गहून आल्यावर बॅगेतच राहिला, पावसाळ्यात कडा गंजून लालभडक! आता कोरडा पुसून कडांवरही वॅक्सचा जाड थर देऊनच ठेवतो.