हिवाळ्यात कुत्रीसोबत डोंगरात पळायचंय, जळगाव-धुळ्याकडे कुठे न्यावं?

पळता_जळगावकर
राम राम मंडळी. बदली होऊन पुण्याहून जळगावात आलो, चार महिने झाले. सोबत बाजरी आहे. दोन वर्षांची गावठी कुत्री, वजन अठरा किलो, अंगात रग भरपूर. रोज पहाटे मेहरूण तलावावर जातो, पण तिथे फिरणाऱ्यांची गर्दी असते आणि पाण्यावर पक्षी दिसले की बाईसाहेब माझं ऐकत नाहीत. रविवारी मातीच्या वाटेनं आठ-दहा किलोमीटर पळता येईल, अधूनमधून एखादा किल्ला चढता येईल, अशा जागा सुचवा. पाटणादेवीचं फार मनात आहे. शिवाय इकडे सकाळी पारा दहाच्या खाली जातोय, तर तिला जाकीट आणि पायात बूट घ्यावेत का? ऑनलाइन पाहिले, किमती बघून हात आखडला.

केळीबाग
भो, कुत्र्याले जाकीट लागस का? आमचा वाघ्या पौषात रात्रभर केळीत राखण करतो अन् सकाळी ओल्या पाटात लोळून येतो. ते पैसे बाजूला ठेव, हुरड्याला ये.

धुळेकर_पायपीट
पाटणादेवी मनातून काढून टाका. तो भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, तिथे पाळीव कुत्रं न्यायचं नाही. रावेरकडचं पाल यावल अभयारण्यात, म्हणजे तेही बाद. लोकांना हा नुसता सरकारी जाच वाटतो, पण डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग जंगलातल्या प्राण्यांना लागतो. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले त्यात हाच विषाणू सापडला होता. आणि उलट बाजूनं बघा, बिबट्याला कुत्रं म्हणजे आयती शिकार. अभयारण्याबाहेरही सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरांत बिबट्या आहेच, त्यामुळे उजाडल्याशिवाय निघू नका आणि पट्टा सोडू नका.

पळण्यासाठी माझं मत विचाराल तर गिरणेच्या पाटाकडेची वाट. सपाट, मऊ माती, मोटारी तुरळक. मात्र रब्बीचं आवर्तन, म्हणजे पाटाला पाणी, सुटलेलं असेल तर सांभाळा. काँक्रीटच्या उतारावर कुत्र्याची नखं ठरत नाहीत, एकदा आत घसरलं की आपलं आपण वर येत नाही. मी पाहिलंय, दोघांनी गमछा टाकून ओढून काढलं होतं.

चढायला आधी सोनगीर घ्या. धुळ्याहून उत्तरेला, महामार्गालगतच, गावाच्या डोक्यावर छोटासा किल्ला. पाऊण तासात वर जाऊन खाली येता. उतरल्यावर गावात तांब्या-पितळेची भांडी बघता येतात, बाजरीला त्यात रस नसला तरी. मग लळिंग. तो जास्त उभा आहे, वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, पण तिला ते पाणी पाजू नका, घरचं न्या. खाली कुरणाचा भाग वनखात्याकडे आहे, कुत्रं चालेल का ते आधी त्यांना विचारूनच जा.

आता बूट आणि जाकीट. बोचरी थंडी खरी, पण साडेनऊ-दहाला ऊन लागायला लागतं, त्या हिशेबानं निघा. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच गार होतं. दर वीस मिनिटांनी थांबून थोडं पाणी द्या. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, ती सावली शोधून बसायला लागली, की पळणं तिथेच संपलं. ओढत नेऊ नका. पोटावर, जांघेत साधं पाणी ओता, बर्फ नको.

आणि इकडचा खरा शत्रू थंडी नाही, कुसळ आहे. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि डोंगरभर कुसळच कुसळ. त्याला उलटे केस असतात, त्यामुळे रुतलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. मागच्या वर्षी माझ्या कुत्र्याच्या बोटांमधे एक राहिलं. दोन दिवस पाय चाटत होता, मी म्हटलं ओरखडा असेल. तिसऱ्या दिवशी लिंबाएवढी गाठ, चौथ्या दिवशी डॉक्टरांनी चीर देऊन काढलं. तेव्हापासून गाडीत बसण्याआधी चारी पायांची बोटं फाकवून बघतो, कान, काखा, पापण्यांच्या कडाही. बुटांत एखादं कुसळ शिरलं तर ते दिवसभर आतच टोचत राहतं, म्हणून मी बूट वापरत नाही. चिमटा ठेवा.

गुरांचा_डॉक्टर
वरच्या दोघांशी सहमत, जाकिटाबाबत केळीबागशी थोडा कमी. बारीक केसांचं किंवा म्हातारं कुत्रं असेल तर पहाटे गाडीतून उतरल्यावर अंग तापेपर्यंत काहीतरी पांघरा, मग काढा. रेबीजची आणि बाकीची लस चुकवू नका, गोचिडांचं औषध हिवाळ्यातही चालू ठेवा. पळण्याआधी दोन तास आणि नंतर अंग गार होईपर्यंत पोटभर खायला नको, पोट फुगून पिळा पडू शकतो. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस बरा. घोणस हिवाळ्यात उन्हं खात वाटेवर पडलेली असते, पाचोळ्यात तिला नाक घालू देऊ नका.

केळीबाग
डॉक्टर, वाघ्याले गोधडी टाकतो आता. एक राहिलं, मका-हरभऱ्याच्या शेताच्या बांधाला जाऊ नका. रानडुकरांसाठी काही जण तारेत करंट सोडतात. बेकायदा आहे, माणसंही मेली आहेत, पण सोडतात.

तापीकाठी_ताई
भरिताबद्दल कुणीच बोललं नाही? ट्रेक म्हटला की आपल्याकडे भरीत-पुरी आलीच, आणि भरितात कांद्याची पात, लसूण. दोन्ही कुत्र्यांना विषारी. आमच्या शेतातल्या पार्टीत पाहुण्यांनी प्रेमानं आमच्या कुत्र्याला वाटीभर चारलं. दोन दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडल्या, सलाईन लावावं लागलं. बेदाणे आणि चॉकलेटही नाही. कोरडी भाकरी द्या, कितीही डोळे केले तरी.

पळता_जळगावकर
सगळ्यांचे आभार. पाटणादेवी एकटाच जाईन. या रविवारी पाटाकडेनं सात किलोमीटर झाले, साडेआठलाच परतलो. गाडीपाशी बसून पाय तपासले तर नऊ कुसळं निघाली, एक कानामागे. जाकीट घेतलं नाही, मेडिकलमधून चिमटा घेतला. पुढच्या रविवारी सोनगीर. धुळ्याकडचं कुणी येत असेल तर सातला फाट्यावर भेटू, कुत्रं असलं तरी चालेल, भरीत मात्र डब्याला घट्ट झाकण लावून आणा.