मदत हवी आहे: वयामुळे रायफलचा धक्का सोसेना, एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीसाठी काय बदलावं?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत कोलोरॅडो, वायोमिंगकडे शिकारीला जाणारं इथे कोणी असेल तर सल्ला हवाय. (भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. प्रश्न इथल्या परवान्याच्या शिकारीबद्दल आहे, तेव्हा शिकार योग्य की अयोग्य हा वाद कृपया या धाग्यावर नको.)

माझ्याकडे थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची रायफल आहे, दुर्बिणीसकट आठेक पौंडांची. गोळी १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). साठी उलटली आहे आणि उजव्या खांद्याच्या रोटेटर कफचं (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचं) ऑपरेशन झालंय. डॉक्टरांची ना नाही, पण दणका कमी बसेल असं बघा म्हणाले.

दुखणं सोसेन हो, काळजी नेमाची आहे. रेंजवर मित्राने मला न सांगता मॅगझिनमध्ये मधेच एक डमी (दारू नसलेलं) काडतूस घातलं. चाप ओढला, बार उडाला नाही, तरी नळीचं तोंड खाली गेलं आणि डोळे गच्च मिटले. म्हणजे धक्का बसायच्या आधीच अंग दचकतंय. कागदावर ते खपून जातं. एल्कच्या बाबतीत तीच गोळी फुप्फुसाऐवजी पोटात लागते आणि जनावर तडफडत कुठच्या कुठे निघून जातं. हे मला अजिबात नकोय.

दस्त्याला मऊ पॅड बसवलाय. कानात बोळे आणि वर मफ, असं दोन्ही घालतो. याचा फार उपयोग झाला, कारण निम्मं दचकणं आवाजाचंच असतं. टेबलावर ओणवं बसून मारलं की खांद्याला मागे सरकायला जागाच मिळत नाही, म्हणून झिरो करण्यापुरतंच (दुर्बिणीचा नेम गोळीशी जुळवण्यापुरतंच) टेबल. बाकी सराव उभ्याने, तोही बराचसा पॉइंट टू-टू वर (अगदी हलक्या धक्क्याच्या छोट्या काडतुसाची रायफल).

आता अडलंय ते इथे. याच रायफलमध्ये कमी दारूची काडतुसं वापरू, की ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूर या हलक्या काडतुसाची रायफल घेऊ? एवढ्याच वजनाच्या रायफलमध्ये माझ्या गोळीचा धक्का २० फूट-पौंडांच्या (फूट-पौंड हे ऊर्जेचं माप) आसपास, या दोन्हींचा १२-१३. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान ६ एमएम व्यासाची, ८५ ग्रेनची फुलणारी (लागल्यावर पसरणारी) गोळी आणि १०० यार्डांवर गोळीत १,००० फूट-पौंड ऊर्जा लागते; त्यात दोन्ही आरामात बसतात. पण मोठा नर तिरका उभा असेल तर गोळी आतपर्यंत पोचेल का?

रायफल जड घेतली की धक्का आपसूक कमी होतो, पण दहा हजार फुटांवर ती वाहायची कोणी? मझल ब्रेकला (नळीच्या तोंडाला बसवायचा, धक्का कमी करणारा भाग) माझा नकार आहे, सोबत्यांचे कान फुटतात. सप्रेसर (नळीच्या तोंडाला लावायचं, आवाज दाबणारं नळकांडं) इथे शिकारीला चालतो, पण नळी लांबते आणि वजनही वाढतं.

साठीच्या आसपास हलकं काडतूस घेतलेल्यांनी जरूर लिहा: दचकणं गेलं का, किती दिवसांत, आणि एल्कवर किती यार्डांपलीकडे मारायचं नाही असं ठरवलंत? ऑक्टोबरच्या सीझनआधी सरावाला वेळ मिळायला हवा, म्हणून या महिन्यातच ठरवायचंय.